पंख मिटलेलं यान

उत्तरेश्वर लोमटेला माणसं मारायला आवडायचं. कागदावर.

त्याची पहिली कथा माझ्याकडे आली तेव्हा मी अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासत होतो. मराठी साहित्य घेऊन बीए झालो होतो. दुसरं काही येत नव्हतं. प्रकाशकाचा दिवाळी अंक निघायचा आणि त्यात एक तरी विज्ञानकथा असावी असा त्यांचा हट्ट होता. कथा दोनशेपानी वहीत होती, निळ्या शाईत. वही घेऊन लेखक स्वतःच आला. सत्तावीस-अठ्ठावीसचा, रुंद, काळासावळा. बोटांच्या टोकांवर भाजल्याचे बारीक डाग.

"यात चार हजार माणसं मरतात," मी वाचून झाल्यावर म्हणालो.

"चार हजार दोनशे."

"थोडी कमी करता येतील का?"

"का? अंतराळात जागेची अडचण हाय का?"

कथा छापली गेली नाही. आमची दोस्ती झाली. माझं नाव त्यानं कधीच घेतलं नाही. मला तो 'साहित्य' म्हणायचा. "काय साहित्य, आज काय वाचलंस?"

तो अंबाजोगाईकडचा. आयटीआय करून पुण्यात आलेला. राहायला विश्रांतवाडीत एक खोली, कामाला बुधवार पेठेत बद्रीनाथकाकांचं दुकान. दोन हजार एक साल. घरोघर कंप्युटर येत होते आणि बिघडत होते. बिघडलेले बद्रीनाथकाकांकडे यायचे. काका साठीचे. दुकानाबाहेर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: 'घाई असेल तर नवीन घ्या.' खाली दुसरी: 'एक ते चार बंद. दार वाजवल्यास उघडणार नाही.'

उत्तरेश्वरची काम करायची पद्धत मी तिथं पाहिली. बोर्डाचा नकाशा त्याच्याकडे नसायचा. तो बोर्डाला वीज द्यायचा आणि उजव्या हाताच्या बोटांची मागची बाजू त्यावरून हळू फिरवायचा. लहान मुलाचा ताप बघावा तशी. जो भाग चटका द्यायचा तो बिघडलेला. फारच बारीक असला तर कापसानं बोर्डभर स्पिरिट पुसायचं आणि वाट बघायची. जिथलं स्पिरिट आधी वाळेल तिथं दोष.

"हा तापतोय," तो म्हणायचा. त्या दुकानात त्याचा अर्थ होता, सापडला.

त्याचं सगळं युद्धशास्त्र या एका गोष्टीतून आलं होतं. अदृश्य होणाऱ्या यानांच्या कथा मी त्याला वाचायला द्यायचो. कप्तान बटण दाबतो, यान दिसेनासं होतं. उत्तरेश्वर चिडायचा.

"हे बघ. उजेड यानाला वळसा घालून गेला म्हणून यान दिसंना. बरोबर? मग आत उजेड जाईल कुठनं? आतल्याला बाहेरचं काय दिसणार? जो दिसत नाही तो आंधळा असतो."

"कथा आहे, उत्तरेश्वर."

"म्हणून काहीपण? बरं, दुसरं. यानात माणसं हायेत. एक माणूस म्हणजे शंभर वॅटचा बल्ब. यंत्रं वेगळी. हे सगळं तापणार. आणि बाहेर काय? गार अंधार. गार अंधारात तापलेली वस्तू लपत नसते. लांबून बोट फिरवलं की सापडली."

"मग उष्णता आतच कोंडायची."

"कोंड. किती दिवस कोंडतोस? माणसं शिजतील. आणि तिसरं. गोळा सोडला की संपलं, कुठनं आला ते सगळ्यांना कळणार. मारायचं असेल तर दिसावंच लागतंय, साहित्य."

या तीन मुद्द्यांवर तो एक मोठी कथा लिहीत होता. यानाचं नाव 'मुक्ताई', त्याच्या आईचं. यानाला पंख होते. उडायला नव्हे, उष्णता बाहेर टाकायला. पंख उघडे असले की यान शेगडीसारखं दिसायचं. शत्रूचं आरमार आलं म्हणून कप्तान पंख मिटतो. उष्णता तळघरातल्या बर्फात भरत जाते. बर्फ सतरा दिवस पुरणार असतो. मग आत एकेक माणूस पडायला लागतो. कातडी सुटते, जिभा सुजतात. बाराव्या दिवशी एक पोरसवदा खलाशी तडफडत असतो. यानाच्या आचाऱ्याला ते बघवत नाही आणि तो एक पंख इंचभर उघडतो. कप्तान हातातल्या पान्यानं आचाऱ्याचं डोकं फोडतो. ते पान उत्तरेश्वरनं तीनदा लिहिलं होतं. दरवेळी आचारी जास्त वेळ मरायचा.

शेवट त्याला सापडत नव्हता. पंख उघडले तर शत्रू मारणार. नाही उघडले तर आपणच मरणार.

"तू सांग," तो म्हणायचा. "बीए झालास ना?"

मी सांगितलं नाही. मला ती सगळी रक्तारक्ती उगाच वाटायची. तसं मी म्हणालोही होतो. खरं युद्ध पाहिलेला माणूस असं लिहीत नाही, असलं काहीतरी.

शंभू विश्रांतवाडीत त्याच्या शेजारच्या खोलीत राहायचा. केबलवाला. गच्चीवर डिश, तिथून गल्लीभर वायरी, दीड-दोनशे घरं. लांबच्या घरांपर्यंत सिग्नल वाढवणारे त्याचे बूस्टर बिघडले की उत्तरेश्वर दुरुस्त करून द्यायचा. पलीकडच्या भागाची केबल रंगराव नावाच्या माणसाकडे होती आणि त्याला हीही गल्ली हवी होती. आधी वायरी कापल्या गेल्या. शंभूनं पुन्हा ओढल्या. मग बूस्टर दगडानं ठेचलेले सापडले. शंभूनं नवे बसवले. मग रंगराव एकदा स्वतः येऊन शंभूच्या बायकोला म्हणाला, "वहिनी, नवऱ्याला सांगा, गच्चीवर फार चढू नये. उन्हाळा आहे."

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी सहाच्या सुमाराला उत्तरेश्वर बूस्टर घेऊन चार मजली इमारतीच्या गच्चीवर गेला. पाण्याच्या टाकीमागे बसून तो वायर जोडत होता. शंभू डिशपाशी होता. तिघं जण जिन्यानं वर आले. तोंडाला रुमाल, हातात कोयते.

हे मला उत्तरेश्वरनं एकदाच सांगितलं. मी ते तसंच लिहितो.

पहिला कोयता शंभूच्या घोट्यावर बसला. त्यानं डिश धरली. दुसरा त्याच हातावर बसला. डिश घंटेसारखी वाजली. शंभू ओरडत नव्हता. तो नावं घेत होता, कोण असतील त्यांची, अंदाजानं, एकेक. मग तेही थांबलं.

"मी टाकीमागं होतो," उत्तरेश्वर म्हणाला. "लपलो. दम रोखून बसलो. मला काही दिसत नव्हतं. नुसता आवाज. कांदा चिरायलेत तसा. मग मी डोकं बाहेर काढलं. एकदाच."

पडता पडता शंभूनं एकाचा रुमाल ओढला होता. पंचविशीचा माणूस. दाढीमिशी नाही. वरच्या ओठावर जुना, उभा व्रण. त्यानं शंभूच्या हातातून रुमाल सोडवून घेतला, त्यालाच कोयता पुसला आणि म्हणाला, "बघ की आता च्यानल."

मग तिघांनी शंभूला उचलून कठड्यावरून टाकलं. खाली रिक्षा उभी होती. टप फाटून तो आत, मागच्या सीटवर पडला. रिक्षावाला पुढं बसून विडी ओढत होता.

दुसऱ्या दिवशी ससून हॉस्पिटलच्या आवारात शंभूची बायको दीपमाला उत्तरेश्वरसमोर येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती.

"भावजी, तुम्ही वरच होता ना?"

आजूबाजूला पंधरा माणसं होती. त्यात रंगरावचीही असणार.

"होतो," उत्तरेश्वर म्हणाला.

तिथून तो थेट चौकीत गेला.

बारा दिवसांनी महिपती पकडला गेला. रंगरावचा भाचा, आळंदीच्या पलीकडच्या गावातला. विश्रांतवाडीत त्याला कुणी ओळखत नव्हतं, म्हणूनच त्याला आणलं होतं. बाकीचे दोघं सापडले नाहीत. इन्स्पेक्टरांनी उत्तरेश्वरला बोलावून सांगितलं, अठरा मेला येरवड्याच्या तुरुंगात ओळख परेड आहे. सारख्या बांध्याची सात-आठ माणसं रांगेत उभी करतील. त्यातला तुमचा माणूस ओळखायचा. हात लावून.

"हात लावून?" मी विचारलं. मी सोबत गेलो होतो. "काचेमागून नाही?"

"पिक्चर फार बघता वाटतं तुम्ही," इन्स्पेक्टर म्हणाले.

त्यांनी आडपडदा ठेवला नाही. साक्षीदार एकच. तो आला नाही तर महिपती सुटणार. महिपती सुटला की रंगरावपर्यंत जायचा रस्ताच बंद.

घरी एक हवालदार दिला होता. तो दोन दिवस आला. तिसऱ्या दिवशी खोलीच्या दारावर कोयत्याची एक खोल खूण होती. गावाकडे जावं तर दोघं जण अंबाजोगाईला त्याच्या वडिलांना भेटून आले होते. बसले, चहा प्याले, शेतीची चौकशी केली, निघाले.

"बाप म्हणायलाय, चांगली पोरं होती," उत्तरेश्वर म्हणाला.

बद्रीनाथकाकांनी वाट काढली. दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर त्यांचा एक गाळा होता. दोन वर्षं बंद. मेलेले मॉनिटर छतापर्यंत रचलेले, वर पत्रा. पाच मेला उत्तरेश्वर आत गेला. मी बाहेरून कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे.

नियम त्यानंच घातले. दिवा नाही, रेडिओ नाही, स्टोव्ह नाही. दिवसातून एकदा मी यायचं. एक वाजता, दुकान बंद झाल्यावर. काका जेवून आडवे होतात तेव्हा. डबा, पाणी, बादली. दहा मिनिटं. मग पुन्हा कुलूप.

"तेरा दिवस," तो म्हणाला. "मुक्ताईचे सतरा होते."

पत्र्याला एक भोक होतं. त्यातून रुपयाएवढा उजेड जमिनीवर पडायचा आणि दिवसभरात भिंतीकडे सरकायचा. तो त्या उजेडामागे वही सरकवत लिहायचा. पहिले तीन दिवस खूष होता.

"माझ्या कथेत एक चूक हाय," तो म्हणाला. "मी लिवलंय, माणसं पाण्यासाठी भांडतात. तसं नसतंय. कुणी भांडत नाही. बोलायचाच कंटाळा येतो."

त्या वर्षी मे वाईट होता. पत्रा सकाळी नऊला तडतडायला लागायचा. मी दार उघडलं की आतून येणारी हवा तोंडावर थापडीसारखी बसायची. चौथ्या दिवशी त्याच्या पाठीवर घामोळं फुटलं होतं आणि त्यातून रक्त येत होतं. मी मंडईतून बर्फ आणला, गोणपाटात गुंडाळून. अर्धी लादी. त्यानं ती पोटाशी धरली आणि हसला.

"आलं का तळघरातलं बर्फ?"

तीन दिवस बर्फ नेला. चौथ्या दिवशी बद्रीनाथकाकांनी मला जिन्यात गाठलं. दाराखालून पाणी आलं होतं आणि पायऱ्या ओल्या होत्या.

"वर काय मासे विकायला काढलेत का?" ते म्हणाले. "बंद गाळ्यातून पाणी येत नसतं. आलं तर लोक बघतात."

बर्फ बंद झाला.

चौदा मेला मी गेलो तेव्हा तो उठला नाही. मॉनिटरच्या दोन रांगांमध्ये पालथा पडला होता. नाकातून रक्त येऊन सुकलं होतं. मी पाणी पाजलं. ते त्यानं अर्धं सांडलं. बोलताना त्याचे शब्द चिकटत होते. वहीत त्या दिवशीची एकच ओळ होती आणि ती वाचता येत नव्हती.

मी खाली गेलो. दुकानाच्या मागच्या खोलीत एक टेबल फॅन होता. काका घोरत होते. मी तो उचलला.

"नको," तो म्हणाला. "आवाज येईल."

"पेठेत आवाजाला कोण विचारतो?"

"काहीतरी चुकतंय, साहित्य. काय ते आठवंना. डोकं चालंना."

"चार दिवस राहिले. मेलास तर ओळखणार कोण?"

मी पिन लावली. पंखा फिरला. त्याच्या कपाळावरचे केस हलले. त्यानं डोळे मिटले.

"पंख उघडले," तो म्हणाला.

मला फार बरं वाटलं. हे मी मुद्दाम लिहितो. जिना उतरताना मी गुणगुणत होतो.

पंधरा मे. एक वाजून दहा मिनिटं. गल्ली रिकामी. मी डबा घेऊन पहिल्या मजल्यापर्यंत आलो आणि वरून आवाज ऐकला. पत्र्यावर नारळ पडावा तसा. पुन्हा. मग काच.

मी चार पायऱ्या चढलो. दुसऱ्या मजल्यावर गाळ्याचं दार उघडं होतं. कुलूप कोयंड्यासकट लोंबत होतं. आत दिवा लागलेला होता. दिवा लावणाऱ्या माणसाची पाठ मला दिसत होती. त्याच्या हातात कोयता होता. दुसऱ्याकडे लोखंडी गज होता आणि तो मॉनिटरच्या रांगा पाडत पुढं चालला होता. उत्तरेश्वर कोपऱ्यात होता. उघडा, नुसत्या चड्डीवर. उजवा हात त्यानं तोंडासमोर धरला होता.

कोयता आला. हात खाली गेला. मला आधी वाटलं त्यानं मूठ मिटली. मग दिसलं की दोन बोटं नाहीत.

मी जिन्याच्या वळणावर उभा होतो. माझ्या शेजारी भिंतीवर त्या इमारतीची मीटरं होती, ओळीनं नऊ. प्रत्येकाखाली खडूनं दुकानाचं नाव. दुपारची वेळ, दुकानं बंद, आठ मीटरं जवळजवळ थांबलेली. नवव्याखाली लिहिलं होतं 'बद्रीनाथ – वरचा गाळा'. त्यातली चकती फिरत होती. चकतीवरची तांबडी खूण यायची, जायची, यायची.

ती खूण मी किती वेळा मोजली माहीत नाही. दोनदा असेल. त्या वेळात आत आणखी एक वार झाला. खांद्यावर. मग मी फ्यूज ओढला.

दिवा गेला. पंखा गेला.

ते दोघं उन्हातून आले होते. उत्तरेश्वर दहा दिवस अंधारात होता. आतल्या कोपऱ्यात आता रुपयाएवढाच उजेड होता आणि तो कुठं पडतो ते फक्त त्याला माहीत होतं.

काय झालं ते मी ऐकलं. एक मॉनिटर फेकल्याचा आवाज आला आणि त्याची काचेची नळी फुटली. मॉनिटरची नळी बाहेर फुटत नाही, आत कोसळते आणि मग सगळी काच परत येते. उत्तरेश्वरनं मला हे पूर्वी सांगितलं होतं. कोयतेवाला किंचाळत बाहेर आला. दोन्ही हात चेहऱ्यावर. बोटांच्या फटींतून रक्त आणि काचेचे चकाकणारे कण. तो मला धडकला, भिंतीला धडकला, जिन्यावरून बसत बसत खाली गेला. मी बाजूला झालो. माझ्या एका हातात फ्यूज होता, दुसऱ्या हातात डबा.

मग आतून दुसरा आवाज सुरू झाला. जड, ओला, एका लयीत. मी दारात गेलो. उत्तरेश्वर दुसऱ्याच्या छातीवर बसला होता. डाव्या हातात यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर, पाच किलोचा. तो वर जायचा आणि खाली यायचा. खालचा माणूस हलत नव्हता.

"उत्तरेश्वर."

ट्रान्सफॉर्मर खाली आला.

"उत्तरेश्वर, बास."

पुन्हा आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्याला मी दिसलो नाही, हे मला कळलं. मी डबा ठेवला आणि मागून त्याच्या काखेत हात घातले. तो तापानं भाजत होता.

तो माणूस जगला. डाव्या कानानं त्याला ऐकू येत नाही, हे पुढे कोर्टात कळलं. त्या दुपारी मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मी काचेत बोटं शोधत होतो. एक सापडलं. मी मंडईकडे धावत गेलो आणि बर्फ मागितला. माझ्या मुठीत काय आहे ते बर्फवाल्यानं पाहिलं आणि मागं सरकला. मग त्यानं एक मोठा तुकडा फोडून दिला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी ते बोट पाहिलं आणि ट्रेमध्ये ठेवून दिलं. जोडलं नाही.

संध्याकाळी बद्रीनाथकाका वॉर्डात आले. बसले नाहीत.

"आठ तारखेला दोघं जण दुकानात आले होते," ते म्हणाले. "केबलची पोरं. वर काय आहे विचारत होते. मी म्हणालो, दोन वर्षं बंद आहे, डोळे असतील तर मीटर बघा. त्यांनी बघितलं. गेले." ते थांबले. "केबलवाल्यांना मीटर बघायला शिकवावं लागत नाही. बूस्टरला वीज तिथूनच चोरतात. मी हे कुणाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं? मीटर थांबलेलंच होतं."

त्यांनी उत्तरेश्वरच्या हाताच्या पट्ट्यांकडे पाहिलं.

"काल माझा पंखा जागेवर नव्हता," काका म्हणाले. "कुणी नेला?"

"मी," मी म्हणालो.

उत्तरेश्वर पाठीवर पडून वर बघत होता. वर वॉर्डाचा पंखा फिरत होता. मी वाट पाहत होतो. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"मीटर," तो शेवटी म्हणाला. "तेच आठवंना झालं होतं." आणि कुशीवर वळला. माझ्याकडे पाठ करून.

इन्स्पेक्टर म्हणाले, परेड पुढं ढकलता येईल, महिनाभर. उत्तरेश्वर म्हणाला, "नको. आता दिसलोच हाय तर दिसलो. परत लपायची ताकद नाही."

अठरा मे, शुक्रवार. मी तुरुंगाच्या फाटकापर्यंत गेलो. पुढं मला जाता येत नव्हतं. त्याला ताप होता. उजवा हात खांद्यापासून पट्ट्यांत बांधलेला, चालताना तो एका बाजूला झुकायचा. दीपमाला फाटकाबाहेर उभी होती, सकाळपासून. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पट्ट्यांकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढला. फाटक बंद झालं.

चाळीस मिनिटांनी तो बाहेर आला. भिंतीला टेकून बसला आणि सांगितलं.

आठ माणसं होती. आठही जणांना मिशा. महिपतीनं कोठडीत मिशी वाढवली होती आणि बाकीचे सात मिशीवालेच निवडले होते. व्रण कुणाचाच दिसत नव्हता. उत्तरेश्वर रांगेवरून एकदा गेला. परत आला. परेड घेणारे तहसीलदार म्हणाले, घाई नाही.

"मला वाटलं, तापलेला असेल," तो म्हणाला. "घाबरला असेल, घामानं भिजला असेल. उलटंच. ते सात जण साधी माणसं. कुठनं तरी धरून आणलेली. घामानं निथळायलेली, पाय थरथरायलेत. त्यात एक गार. सगळ्यांत गार. माझ्या हाताच्या पट्ट्या मोजत होता."

तो त्या माणसासमोर थांबला. डावा हात उचलला आणि बोटांची मागची बाजू त्याच्या वरच्या ओठावर ठेवली. मिशीखालून हळू फिरवली. केसांच्या आत, उभी, सुतासारखी रेघ लागली.

"हा," तो म्हणाला.

महिपतीनं बोट चावलं. शिपायांना जबडा उघडावा लागला. उत्तरेश्वरनं डावा हात माझ्यापुढं धरला. तर्जनीवर दातांचा पुरा अर्धगोल होता.

"पण हे हाय जागेवर," तो म्हणाला.

दीपमाला जवळ आली. तिनं विचारलं नाही. त्यानं होकाराची मान हलवली. मग ती फाटकासमोर, रस्त्याच्या कडेला खाली बसली आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. जाणारे-येणारे बघत होते. ती बघू देत होती.

पुढचं थोडक्यात. महिपती बोलला, रंगराव आत गेला, खटला तीन वर्षं चालला, शिक्षा झाल्या. शंभूची केबल दीपमालानं चालवली. गच्चीवर ती स्वतः चढायची.

उत्तरेश्वर ऑगस्टमध्ये पुन्हा दुकानात आला. डाव्या हातानं. काकांनी त्याची खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या बाजूला सरकवून ठेवली होती. त्याबद्दल ते बोलले नाहीत. मी रोज तिथून जायचो आणि आत जायचो नाही. पंख्याबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. हॉस्पिटलातही नाही, तुरुंगाबाहेरही नाही. कुठल्याही इमारतीच्या जिन्यात गेलो तरी मी मीटरं बघायचो. अजून बघतो.

सप्टेंबरच्या शेवटी तो प्रकाशकाकडे आला आणि माझ्या टेबलावर वही टाकली.

"दिवाळी अंकात जागा हाय का, साहित्य?"

मी वही उघडली. 'मुक्ताई'. शेवटची चाळीस पानं डाव्या हातानं लिहिली होती. अक्षर पहिलीतल्या पोराचं, ओळी उतरत गेलेल्या. मी त्याच्यासमोरच वाचलं. खलाशी तडफडतो. आचारी पंख उघडतो. शत्रूला दिसतं. यान फाडलं जातं, माणसं उघड्या पोकळीत फेकली जातात, रक्त उकळतं, सगळं तसंच, त्याच्या पद्धतीचं. एकवीस जण मरतात. पण मारायला आलेलं, तोवर लपून असलेलं आरमारही मारता मारता दिसतं आणि 'मुक्ताई' आपला एकच गोळा सोडते.

मी पानं मागं उलटली. काहीतरी राहिलं होतं.

"आचारी?" मी विचारलं. "त्याला मारलं नाहीस?"

"मारलं होतं." तो खिडकीबाहेर बघत होता. "नीट बघ. खोडलंय."

मी बारावा दिवस काढला. उजव्या हातानं, निळ्या शाईत लिहिलेलं जुनं पान होतं. पान्याचा घाव, कवटी, सगळं. त्यावर डाव्या हाताची वाकडी काट मारलेली होती. खाली, जागा उरली नव्हती म्हणून समासात, एक ओळ होती.

'कप्तानानं पाना खाली ठेवला आणि आचाऱ्याला म्हणाला, आता उघडलाच आहेस तर दुसराही उघड.'

"तिथं शुद्धलेखनाची चूक असेल तर काढ," उत्तरेश्वर म्हणाला. "चल. चहा पाज."